सामंजस्य करारांनी दिवा लागत नाही!

गुहागर तालुक्यात अंजनवेलच्या समुद्रकाठी दाभोळ नावाचा एक वीज प्रकल्प उभा आहे. तो बांधला तेव्हा त्यातले तंत्र जगातल्या उत्तम तंत्रांपैकी होते. वायू जाळून एक टर्बाइन फिरवायची, तिच्या तापलेल्या धुरावर वाफ करून दुसरी फिरवायची आणि तेवढ्याच इंधनातून कोळशाच्या संचापेक्षा कितीतरी जास्त वीज काढायची, अशी ती योजना होती. यंत्रांत खोट नव्हती. तशी यंत्रे तेव्हाही जगभर चालत होती, आजही चालतात. तरी २००१ च्या मे महिन्यात दाभोळची चाके थांबली, कारण तिथली वीज विकत घेता घेता राज्य वीज मंडळच बुडू लागले होते. एका टप्प्यावर युनिटचा दर सात रुपयांच्या वर गेला होता.

ही वेळ आभाळातून पडली नव्हती. जून १९९२ मध्ये सामंजस्य करार झाला, डिसेंबर १९९३ मध्ये वीज खरेदीचा करार झाला. दर डॉलरला बांधलेला. इंधन महागले तर भुर्दंड मंडळाचा. वीज घ्या अथवा घेऊ नका, क्षमतेचे पैसे मोजायचेच. जागतिक बँकेने १९९३ सालीच हा प्रकल्प आर्थिकदृष्ट्या परवडणारा नाही असे सांगून कर्जाला नकार दिला होता. पुण्यातल्या ‘प्रयास’चे गिरीश संत आणि शंतनू दीक्षित यांनी आकडे मांडून दाखवले की ही वीज मंडळाला झेपणार नाही. ज्यांनी ऐकायचे त्यांनी ऐकले नाही. पुढे माधव गोडबोले समितीने सगळ्या व्यवहाराची चिरफाड केली, पण तोवर व्हायचे ते नुकसान होऊन गेले होते.

दाभोळ आम्ही उगाच उकरून काढत नाही. ‘हे तंत्रज्ञान व्यवहार्य आहे का?’ हा प्रश्न आज या राज्यात रोज विचारला जातो आणि रोज चुकीच्या जागी विचारला जातो. हरित हायड्रोजन, छोट्या अणुभट्ट्या, बॅटरीचे महाकारखाने, इथेनॉल, सौरपंप: प्रत्येकाचे भक्त आहेत, प्रत्येकाचे वैरी आहेत, आणि दोघेही यंत्राकडे बोट दाखवून भांडतात. व्यवहार्यता यंत्राच्या पोटात नसते! ती कराराच्या कलमांत असते, विहिरीच्या खोलीत असते, तालुक्याच्या गावी सुटा भाग मिळतो की नाही यात असते, बिल कोण भरणार यात असते. उत्तमातले उत्तम यंत्र आपण दाभोळला बुडवून दाखवले आहे. ते कसे बुडते हे महाराष्ट्राला कुणी शिकवायची गरज नाही. न बुडू देण्याचे शिक्षण मात्र राज्यकर्त्यांनी अजून घेतलेले नाही.

आमचा राग एकाच बाजूवर नाही. नव्याच्या नावाने नाक मुरडणाऱ्यांनी या देशाचे कमी नुकसान केलेले नाही. २०१० साली राष्ट्रीय सौर मोहिमेच्या पहिल्या फेरीत सौर विजेचा दर युनिटला साधारण बारा रुपये आला, तेव्हा ‘हे श्रीमंतांचे खेळणे आहे’ असे बजावणारे अभियंते, अधिकारी आणि संपादकही होते. २०१७ मध्ये राजस्थानातल्या भादल्यात तो दर २ रुपये ४४ पैशांवर आला. सात वर्षांत एक पंचमांश! आज शेतीच्या वाहिन्यांसाठी सौर वीज महाराष्ट्रात तीन रुपयांच्या आसपास मिळते, ती त्या चेष्टा करणाऱ्यांमुळे नव्हे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर ओतला तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते म्हणून शेतकरी तो हाती धरीनात. दोन वर्षे नांगर पडून राहिले असे सांगतात. तो अडाणीपणा होता असे आम्ही म्हणणार नाही. ज्याचे पोट एका हंगामावर आहे त्याने परक्या वस्तूवर संशय घेतलाच पाहिजे. त्या संशयाला उत्तर द्यायचे ते शेतात, तास उमटवून. नांगर जमिनीत चालला, बैलांना ओढवला, मोडला तर दुरुस्त झाला, म्हणून तो टिकला. पुढे १९१० मध्ये औंध संस्थानातल्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली.

याच्या उलट मोगली एरंड आठवावा. २००३ मध्ये नियोजन आयोगाने जैवडिझेलची राष्ट्रीय मोहीम आखली. पडीक जमीन, पाऊस येईल तेवढाच, खताची गरज नाही, आणि देशाच्या डिझेलचा पाचवा हिस्सा झाडावर पिकणार, असा तो हिशेब होता. झाड पाण्यावाचून जगले, यात खोटे काही नव्हते. पण पाण्यावाचून बी धरले नाही. जगणे आणि पिकणे यातला फरक कोणत्याही कोरडवाहू शेतकऱ्याने बांधावर बसून सांगितला असता. त्याला विचारले गेले नाही. ज्यांनी रोपे लावली त्यांनी ती उपटली, आणि मोहीम फसली असे जाहीरपणे सांगण्याचे धाडस एकाही सरकारने दाखवले नाही. फसलेल्या प्रयोगाचा अहवाल नसेल तर पुढचा प्रयोग तीच चूक करतो. आम्हाला फसण्याची चीड नाही, झाकण्याची आहे.

आता हायड्रोजनकडे वळू. ४ जानेवारी २०२३ रोजी केंद्राने हरित हायड्रोजन मोहिमेला मंजुरी दिली. तरतूद १९,७४४ कोटी रुपये, आणि २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन हायड्रोजन हे उद्दिष्ट. त्याच वर्षी महाराष्ट्राने आपले धोरण आणले. तेव्हापासून करारांवर करार होत आहेत. वाचकहो, एक पाटी घ्या आणि आमच्याबरोबर गणित मांडा. पाण्यातून एक किलो हायड्रोजन काढायला साधारण ५० ते ५५ युनिट वीज लागते. त्या किलोत ऊर्जा उरते ३३ युनिटांची. तो साठवून, वाहून, इंधनघटात घालून पुन्हा वीज करायची म्हटली तर हाती येतात सोळा-सतरा युनिटे. पन्नास टाकायची आणि सोळा काढायची! अकोले तालुक्यातल्या घाटघरला १२५ मेगावॉटचे दोन संच २००८ पासून हेच साठवणुकीचे काम करतात: वीज नको असेल तेव्हा पाणी वर चढवायचे, हवी तेव्हा खाली सोडायचे. अशा पद्धतीत शंभरातली पंचाहत्तर-ऐंशी युनिटे परत मिळतात. सह्याद्रीचा कडा आणि पाणी ही आपली वडिलार्जित साठवण आहे. ती कुठे वाढवायची आणि कुठले जंगल तिच्यासाठी बिलकुल बुडवायचे नाही, यावर या राज्यात गावोगाव चर्चा व्हायला हवी होती. ती होत नाही, आणि हायड्रोजनवर धावणाऱ्या बसच्या छायाचित्राला पहिले पान मिळते.

मग हायड्रोजन टाकाऊ आहे का? मुळीच नाही, आणि इथे विरोधकांचेही चुकते. पाण्याची नासाडी होईल हा त्यांचा मोठा आक्षेप. एका किलोला रसायनशास्त्राच्या हिशेबाने नऊ लिटर पाणी लागते. ५० लाख टनांना ते दीड टीएमसीच्या आसपास जाते. शुद्धीकरण आणि शीतकरण धरून तिप्पट केले तरी पाच टीएमसी, म्हणजे उजनीच्या उपयुक्त साठ्याचा दहावा हिस्सा, आणि तोही देशभर विभागलेला. उसापासून एक लिटर इथेनॉल करायला, उसाला पाजलेले पाणी धरता, सुमारे २,८०० लिटर पाणी खर्ची पडते. त्या पाण्याबद्दल हेच लोक गप्प का? हायड्रोजनची खरी अडचण विजेची आहे. ५० लाख टनांना किमान २५,००० कोटी युनिटे हवीत. साऱ्या महाराष्ट्राला वर्षभर लागते त्याहून ही वीज जास्त आहे. इतकी महाग वस्तू जिथे दुसरा पर्यायच नाही तिथेच वापरली पाहिजे. अलिबागजवळ थळला खताचा कारखाना आहे. तिथे आजही नैसर्गिक वायूपासून हायड्रोजन काढून अमोनिया करतात, आणि तो वायू आयातीच्या भावाने नाचतो. तेलशुद्धीकरण कारखान्यांनाही हायड्रोजन लागतोच. तिथे जुना काढून नवा घाला! शेतकऱ्याच्या युरियाची नाळ परदेशी वायूपासून तुटली तर आम्ही या पानावरून मोहिमेचे अभिनंदन करू. पण बस, मोटारी आणि घराचे दिवे हायड्रोजनवर चालवण्याची स्वप्ने दाखवणाऱ्यांनी आधी वरची तीन ओळींची बेरीज-वजाबाकी खोडून दाखवावी.

अणुऊर्जेच्या नव्या आश्वासनांबद्दल एकच सांगतो. जैतापूरला ज्या जातीच्या सहा भट्ट्या मिळून ९,९०० मेगावॉट देणार म्हणून माडबन परिसरातल्या लोकांकडून नऊशेहून अधिक हेक्टर जमीन घेतली, तशी एक भट्टी फ्रान्सने आपल्या घरी फ्लामाँव्हिलला २००७ मध्ये बांधायला घेतली. ती २०१२ मध्ये सुरू व्हायची होती. विजेच्या जाळ्याला जोडली गेली डिसेंबर २०२४ मध्ये, आणि खर्च चौपट झाला. छोट्या भट्ट्या २०३३ पर्यंत येतील असे आता अर्थसंकल्पातून सांगितले जाते. येवोत. पण तारखेबरोबर दर युनिटचा भाव आणि उशिराचा भुर्दंड कुणावर, हेही त्याच कागदावर लिहून द्या.

आणि आता शेताकडे चला, कारण या साऱ्या वादाचा खरा निकाल तिथे लागतो. पिढ्यान्‌पिढ्या या राज्यातला शेतकरी रात्री दाऱ्यावर उभा राहिला. ‘लाईट’ रात्री बाराला येते म्हणून बॅटरी हातात घेऊन, सापाच्या आणि जुन्नर-शिरूरच्या पट्ट्यात बिबट्याच्या भीतीने, पौष-माघाच्या थंडीत त्याने पाणी फिरवले. डीपी जळाली तर गावाने वर्गणी काढायची, ती ट्रॅक्टरवर घालून न्यायची आणि परत येईपर्यंत पीक वाळताना बघायचे. हा माणूस दिवसा वीज मागतो. त्याची मागणी न्याय्य आहे, आणि सूर्य दिवसाच असतो. म्हणून शेतीची वाहिनी सौर करणे ही या राज्याने अलीकडे केलेल्या शहाण्या कामांपैकी एक आहे असे आम्ही स्वच्छ म्हणतो. २०१७ मध्ये राळेगणसिद्धीपासून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू झाली. उपकेंद्राजवळ पाचदहा मेगावॉटचा प्रकल्प, वीज तिथेच शेजारच्या पंपांना, जमिनीला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडे. यंत्र साधे, गणित सरळ.

पण त्याच सरकारने त्याच वेळी दुसरा रस्ताही धरला आहे: प्रत्येक विहिरीवर वेगळा सौरपंप. शेतकऱ्याने दहा टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने पाच टक्के, बाकी सरकारचे. जिथे तारा पोहोचल्याच नाहीत त्या डोंगरपाड्यांवर हा पंप देवासारखा आहे, हे मान्य. पण वाहिनी दारावरून गेली असताना, वीजजोडणीचे कोटेशन भरून वर्षानुवर्षे थांबलेल्या शेतकऱ्यापुढेही हाच पर्याय ठेवला जातो, तिथे आमचा विरोध आहे. पुन्हा पाटी घ्या. पाच अश्वशक्तीच्या पंपाला साधारण पाच किलोवॉटचे पॅनेल. दिवसाला वीस युनिटे. पावसाळ्यात, काढणीत, विहीर आटल्यावर हा पंप सहा महिने बंद धरला तर वर्षाला ३,६०० युनिटे उन्हात वाया जातात. ती घ्यायला तारच नाही. तीन रुपयांनी ते होतात १०,८०० रुपये. असे एक लाख पंप धरले तर १०८ कोटी रुपयांची वीज दरसाल मातीत! पंप लाखांनी बसले आहेत. हेच पॅनेल वाहिनीवर असते तर शेताला नको तेव्हा त्या विजेने शाळा, पिठाची गिरणी, कोल्ड स्टोरेज चालले असते.

आणि तो बसवलेला पंप चालतो का? गावोगाव विचारा. वाऱ्याने काच फुटली, कंट्रोलर जळाला, खोल बोअरला तीन अश्वशक्तीचा पंप पुरत नाही, ढगाळ दिवसांत पाणी बांधापर्यंत येत नाही. पाच वर्षांची दुरुस्ती ठेकेदाराच्या गळ्यात आहे, कागदावर! फोन उचलला जात नाही. तालुक्याच्या गावी मोटार रिवाइंड करणारा, स्टार्टर दुरुस्त करणारा मिस्त्री शेतकऱ्याला तासाभरात सापडतो. सौर कंट्रोलर उघडू शकणारा सापडत नाही, आणि सापडला तरी त्याच्याकडे सुटे भाग नाहीत. जे यंत्र तालुक्यात दुरुस्त होत नाही ते त्या तालुक्यापुरते अव्यवहार्य आहे, मग ते प्रयोगशाळेत कितीही उत्तम असो. अनुदानाच्या रकमेतला ठरावीक हिस्सा पाच वर्षे राखून ठेवा आणि पंप चालू असल्याचे शेतकऱ्याने सही करून सांगितल्यावरच तो ठेकेदाराला द्या. आयटीआयमधल्या वायरमनच्या पोराला सुट्या भागांचे दुकान टाकायला कर्ज द्या. हे काम लहान दिसते. म्हणून त्याचे उद्घाटन होत नाही, आणि म्हणूनच ते होत नाही!

कारखान्यांची गोष्ट वेगळी नाही. कोल्हापुरात शिरोलीला, गोकुळ शिरगावला फौंड्रीत जाऊन उभे राहा. इंडक्शन भट्टीत एक टन लोखंड वितळवायला साधारण ६०० युनिट वीज लागते. युनिटमागे एक रुपया इकडेतिकडे झाला की टनामागे ६०० रुपये गेले. आणि वितळलेला धातू भट्टीत असताना वीज गेली तर धातू गोठतो, लायनिंग तडकते, पाळी वाया जाते. त्या मालकापुढे जाऊन स्वयंचलित हातांची आणि त्रिमिती छपाई यंत्रांतून निघणाऱ्या साच्यांची व्याख्याने देण्याआधी त्याला न चुकणारी वीज द्या. वर्षानुवर्षे रात्रीच्या विजेला सवलत होती, म्हणून भट्ट्या रात्री पेटल्या आणि कामगारांची झोप त्याप्रमाणे ठरली. आता सौर तासांत दिवसा सवलत आणि रात्रीची गेली. सूर्याच्या वेळी वीज वापरा, हे तत्त्व बरोबर आहे. पण भट्टी, माणसे, गिऱ्हाईकाची गाडी, सगळी घडी एका आदेशाने उलटायची तर वर्ष-दोन वर्षांची मुदत द्यायला नको? इचलकरंजी-मालेगावचा यंत्रमागवाला साधा माग मोडून रॅपिअर घेईल, कर्ज काढून घेईल. उद्याचा वीजदर काय, हे त्याला कुणी सांगत नाही. साखर कारखान्यांना इथेनॉलच्या आसवन्या उभारा म्हणून सांगितले. त्यांनी कर्जे काढली. डिसेंबर २०२३ मध्ये एका आदेशाने रसापासून इथेनॉल करण्यावर बंदी आली, आणि पुढच्याच वर्षी ती उठली. उसाच्या पाण्याबद्दल आमचे मत वर आलेच आहे. पण धोरणच दर हंगामाला कूस बदलत असेल तर कोणते तंत्र या मातीत रुजेल? सरकारचा शब्द हाही कारखान्याचा कच्चा माल आहे.

सर्वांत जास्त संताप आम्हाला येतो तो चंद्रपूरच्या धुराड्यांकडे पाहून. कोळशाच्या धुरातले गंधक शोषून घेणारी यंत्रणा १९७० च्या दशकापासून जपान-अमेरिकेत चालू आहे. तिच्या व्यवहार्यतेवर वाद घालायला जागाच नाही. डिसेंबर २०१५ मध्ये केंद्राने नियम केला, दोन वर्षांची मुदत दिली. मग मुदतवाढ, पुन्हा मुदतवाढ, पुन्हा मुदतवाढ. आणि जुलै २०२५ मध्ये देशातल्या बहुतांश संचांना या अटीतून सूटच मिळाली. म्हणजे पन्नास वर्षे सिद्ध झालेले तंत्र आम्हाला महाग वाटते, आणि अजून गणित न जुळलेल्या तंत्रावर हजारो कोटी उधळायला आम्ही तयार असतो! चंद्रपूरच्या ऊर्जानगरात खोकणाऱ्या पोराला जुने तंत्र हवे आहे. त्याच्यासाठी सामंजस्य करार कोण करणार?

आमची मागणी साधी आहे. सरकारी जमीन, पाणी, सवलत किंवा हमी घेणारा ऊर्जेचा वा उत्पादनाचा कोणताही नवा प्रकल्प जाहीर होईल त्याच दिवशी त्याचा जमाखर्च मराठीत, आकड्यांत, जनतेसमोर ठेवा. किती युनिटे घालणार, किती काढणार. पाणी कुठल्या धरणातले. दर कोणत्या चलनाला बांधलेला. मोडले तर कोण दुरुस्त करणार. फसले तर तोटा कुणाचा. विधिमंडळाच्या प्रत्येक हिवाळी अधिवेशनात गेल्या पाच वर्षांतल्या करारांपैकी किती उभे राहिले, किती कागदावरच विरले, याची यादी पटलावर यावी. आणि फसलेल्याची कारणे लिहिणाऱ्या अधिकाऱ्याची बदली होऊ नये.

सरकार हे आपणहून करणार नाही. पण २००३ च्या विद्युत कायद्याने दर ठरवण्यापूर्वी जनतेच्या हरकती ऐकणे वीज नियामक आयोगावर बंधनकारक केले आहे. दाभोळचा करार झाला तेव्हा असा दरवाजा नव्हता. तो पुढे उघडला गेला. आज त्या सुनावण्यांना मोजकी ग्राहक संघटनांची माणसे येतात आणि उरलेल्या खुर्च्या रिकाम्या राहतात. महावितरणची पुढची दरवाढीची याचिका येईल तेव्हा शिरोलीच्या फौंड्रीवाल्याने यावे, मालेगावच्या मागवाल्याने यावे, बंद पडलेल्या सौरपंपाचे छायाचित्र घेऊन शेतकऱ्याने यावे, चंद्रपूरच्या आयांनी यावे. याचिका मागून घ्या, हरकत लेखी द्या, तिची पोच घ्या. सोबत आपले बिल आणि ही पाटी आणा.